डोळे मिटा, आता उघडा

शिंप्याची टेप आणि खुणा करायची लाल पेन्सिल हाताशी असल्याशिवाय माझं काम सुरू होत नाही. मशीन लाखांचं आहे, पण पहिली वीस मिनिटं त्याच्याकडे कोणी बघतही नाही. दोन भुवयांच्या मध्ये, नाकाच्या मुळाशी जो खळगा लागतो तिथे टेपचं एक टोक धरायचं. मग डोक्यावरून सरळ मागे जाऊन, मानेच्या वर कवटीचा उंचवटा बोटाला लागतो तिथे दुसरं टोक. समजा 36 सेंटिमीटर भरलं, तर त्याचे दहा टक्के, म्हणजे 3.6 सेंटिमीटरवर पहिली खूण. तिथून पुढे वीस-वीस टक्क्यांवर, म्हणजे 7.2 सेंटिमीटरच्या अंतराने बाकीच्या. मग तेच या कानापासून त्या कानापर्यंत, आणि शेवटी डोक्याभोवती गोल.

ही दहा-वीसची पद्धत मॉन्ट्रियलच्या हर्बर्ट जॅस्पर यांनी 1958 मध्ये मांडली. डोकं तान्ह्या बाळाचं असो की तालमीतल्या पैलवानाचं, मोजमाप टक्क्यांत केलं की इलेक्ट्रोड मेंदूच्या त्याच भागावर बसतो. कानांवरचे धरून एकूण एकवीस. डावीकडच्यांना विषम आकडे, उजवीकडच्यांना सम, मधल्या रेषेवरच्यांना झेड. एका बाजूचा इलेक्ट्रोड सेंटिमीटरभर सरकला तर डाव्या-उजव्याची तुलना बिघडते आणि नसलेला दोष कागदावर दिसायला लागतो. म्हणून कोणी बाहेरून कितीही घाई केली तरी मी टेप सोडत नाही.

मी मिरजेत ईईजी टेक्निशियन आहे. आमच्याकडे जत, कवठेमहांकाळ, तासगावची माणसं येतात, तशीच पलीकडून अथणी-विजापूरचीही. त्यामुळे ‘डोळे मिटा, आता उघडा’ हे मला कानडीतूनही म्हणता येतं, आणि त्यापलीकडे माझी कानडी जात नाही.

खुर्चीवर बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. “ताई, करंट देणार का?” जुन्या हिंदी सिनेमांनी डोक्याला वायरी लावलेला माणूस इतक्यांदा तडफडताना दाखवलाय की लोकांचा दोष नाही. मी सांगते, द्यायचा नाही, तुमचाच बघायचा आहे. डोक्याला धातूच्या छोट्या वाट्या चिकटवायच्या, वायरी मशीनला जोडायच्या आणि मेंदूत जी वीज आपली आपण चालू असते तिचा आलेख काढायचा. दुखत नाही, केस कापावे लागत नाहीत. फक्त डोकं धुऊन यायचं आणि तेल लावायचं नाही. हे कागदावर लिहून दिलेलं असतं, तरी एखादी आजी चपचपीत तेल थापून येतेच. “तेलाशिवाय डोकं तापतं गं माझं,” म्हणते. मग स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक खूण घासत बसायचं. कातडीवर तेलाचा थर राहिला की सिग्नल पोचत नाही. प्रत्येक इलेक्ट्रोडखालचा अडथळा पाच हजार ओहमच्या आत आला की मगच पुढे.

इतकी उठाठेव कशासाठी, तर जे मोजायचं ते फारच थोडं आहे. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलमध्ये दीड व्होल्ट असतो. त्याचे तीस हजार भाग केले तर एकाला पन्नास मायक्रोव्होल्ट येतात, आणि डोक्यावर मिळणारा सिग्नल साधारण एवढाच, दहापासून शंभर मायक्रोव्होल्टपर्यंत. हृदयाचा ईसीजी याच्या दहा-वीस पट मोठा असतो. शिवाय ही वीज एकट्यादुकट्या पेशीची नसते. मेंदूच्या वरच्या थरात लाखो पेशी पृष्ठभागाला काटकोनात, एकमेकींना समांतर उभ्या असतात. दुसऱ्या पेशीकडून निरोप आला की पेशीच्या दोन टोकांमध्ये विजेचा थोडासा फरक पडतो. गावाबाहेर उभं राहून दिंडीतल्या एका वारकऱ्याचा टाळ ऐकू येत नाही, सगळ्यांचे टाळ एका ठेक्यात पडले की येतो. तसंच, किमान सहा-एक चौरस सेंटिमीटर भागातल्या पेशी एका वेळी हलल्या तरच कवटी आणि कातडी ओलांडून काहीतरी माझ्या वाटीपर्यंत पोचतं. मेंदूच्या तळाशी, खोल घड्यांमध्ये काय चाललंय ते डोक्यावरून बहुतेक वेळा कळतच नाही. एमआरआय मेंदूची बांधणी दाखवतो, ईईजी मेंदूचं चालू काम दाखवतो, आणि तेही फक्त वरवरचं. नातेवाईक याला ‘मेंदूचा फोटो’ म्हणतात. फोटो नाहीच हा.

डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागावर सेकंदाला आठ ते तेरा या वेगाने नीटस लाटा उमटतात. त्या अल्फा. “डोळे उघडा” म्हटलं की गायब. “मिटा” म्हटलं की पुन्हा हजर. झोपेत लाटा संथ आणि उंच होतात. सेकंदाला चारपेक्षा कमी त्या डेल्टा, चार ते आठ थीटा, तेराच्या वरच्या बीटा. जागेपणी मोठ्या माणसात एकाच बाजूला सतत डेल्टा दिसल्या, तर तिथे गाठ, मार किंवा रक्तस्राव असं काही आहे का हे डॉक्टर बघतात. लहान मुलांचं गणित वेगळं. त्यांच्या लाटा मुळातच संथ असतात आणि वयाबरोबर वेग घेतात. म्हणून फॉर्मवर वय नीट लिहा असं मी दहादा सांगते.

अल्फा लाटा पहिल्यांदा पाहिल्या त्या जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने. त्याच्याआधी 1875 मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने ससे आणि माकडं यांच्या उघड्या मेंदूवर विजेच्या हालचाली नोंदल्या होत्या. माणसाची पहिली नोंद बर्गरची, 6 जुलै 1924 ची, शस्त्रक्रियेमुळे कवटीचा काही भाग नसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाची. बर्गर या वाटेला लागला ती गोष्ट विचित्र आहे. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार आली: ठीक आहेस ना? त्याच्या बहिणीला त्या दिवशी अचानक वाटलं होतं की भावाचं काहीतरी बरंवाईट झालंय. विचार एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात कसा गेला याचा त्याने ध्यासच घेतला, आणि मेंदूची ऊर्जा मोजायच्या मागे लागला. टेलिपथी सापडली नाही, ईईजी सापडला. पाच वर्षं स्वतःवर, मुलावर, रुग्णांवर पुन्हा पुन्हा करून बघितल्यावर 1929 मध्ये त्याने निबंध छापला. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. 1934 मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तेच करून दाखवलं तेव्हा कुठे जगाचा विश्वास बसला.

याच बर्गरने नाझी राजवटीत ‘आनुवंशिक आरोग्य न्यायालया’वर काम केलं, हेही सांगायला हवं. सक्तीच्या नसबंदीचे खटले तिथे चालत. 1933 च्या त्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत आनुवंशिक अपस्मारही होता, म्हणजे ज्या आजारासाठी त्याच्या शोधाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तोच. 1941 मध्ये त्याने आत्महत्या केली. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याचा फोटो होता, यातलं अक्षरही नव्हतं.

मी नोकरीला लागले तेव्हा मशीन कागदावर लिहायचं. पेनांची रांग, खाली सरकणारी घडीची कागदपट्टी, वेग सेकंदाला तीस मिलिमीटर. वीस मिनिटांच्या एका तपासणीत छत्तीस मीटर कागद निघायचा. शाई वाळून पेन तुंबायचं, आणि नेमकं फिटच्या वेळेला. आता सगळं पडद्यावर आलं, हात निळे होत नाहीत.

खरी कसोटी कचरा ओळखण्यात असते. पापणी लवली की कपाळावरच्या इलेक्ट्रोडवर मोठा डोंगर उभा राहतो, कारण डोळ्याचा गोळा पुढून धन आणि मागून ऋण असतो आणि पापणी मिटताना बुबुळ वर जातं. दात आवळले की कानशिलाजवळ काळंकुट्ट गवत उगवतं. घाम आला की सगळ्या रेषा हळूहळू वर-खाली हेलकावतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला की मी तपासणीच पुढे ढकलते. भिंतीतल्या विजेचे सेकंदाला पन्नास फेरे एखाद्या सैल वायरमधून लगेच आत घुसतात. गालात सुपारी ठेवून बसलेल्या एका काकांच्या आलेखात डाव्या बाजूला ठरावीक अंतराने काहीतरी येत राहिलं. “काका, थुंकून या,” म्हटलं आणि मेंदू साफ झाला. हे सगळं मी तिथल्या तिथे टिपून ठेवते: इथे खोकला, इथे गिळलं, इथे मान हलवली. नंतर रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर खोलीत नसतात, त्यांना माझ्या टिपणांवरच विसंबावं लागतं.

तपासणीत माणसाला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतो. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून मी जत्रेतलं कागदी भिरभिरं ठेवलंय. फुंकर घालत राहायचं, ते थांबता कामा नये. तिसरीतली एक मुलगी आली होती. बाईंची तक्रार, वर्गात लक्ष नसतं, तंद्री लागते, वहीत अर्धी ओळ लिहून सोडते. घरी मारही खाल्ला होता. दीड मिनिट छान फुंकत होती. मग भिरभिरं थांबलं. डोळे उघडे, नजर समोर, पापण्या बारीक लवतायत, हात तसाच वर धरलेला. पडद्यावर सगळ्या रेषांमध्ये एकदम टोक आणि लाट, टोक आणि लाट, सेकंदाला तीन, दोन्ही बाजूंना सारखं. मी मोठ्याने म्हटलं, “पेरू.” दहा-बारा सेकंदांनी रेषा जशा उसळल्या तशाच एकदम बसल्या, आणि ती पुन्हा फुंकायला लागली, जणू काही झालंच नाही. “मघाशी मी कुठल्या फळाचं नाव घेतलं?” तिला काहीच सांगता आलं नाही. आई शेजारी उभी होती, तिने पडदाही बघितला आणि मुलगीही बघितली. त्यापुढे मला काही समजावावं लागलं नाही. तसं समजावणं माझं कामही नाही, रिपोर्ट सांगायचा तो डॉक्टरांनी.

बॉस्टनमध्ये 1935 साली फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी हीच सेकंदाला तीनची नक्षी दाखवली, आणि तेव्हापासून ईईजी दवाखान्यात आला. या प्रकारच्या फिट गोळ्यांनी बहुतेक मुलांत आटोक्यात येतात, पुष्कळांच्या मोठेपणी थांबतातही. श्वासानंतर डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून बघतो. काहींचा मेंदू प्रकाशाच्या अशा झपक्यांनी चाळवतो. डिसेंबर 1997 मध्ये जपानात टीव्हीवरच्या पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं, ते याच प्रकारातून.

एक आलेख मात्र मला अजिबात आवडत नाही. मूल आठ-दहा वर्षांचं असतं. काही महिन्यांपासून अभ्यासात मागे पडतंय, स्वभाव बदललाय, चालता चालता धडपडतं, हातातला पेला पडतो. घरच्यांना वाटतं आगाऊपणा. पडद्यावर दर चार ते दहा सेकंदांनी सगळ्या रेषा एकदम उंच उसळतात, आणि बरोबर त्याच क्षणी मुलाचं अंग दचकतं. पुन्हा शांत. पुन्हा उसळी. घड्याळ लावून घ्यावं इतकं नियमित. याचं नाव एसएसपीई. अगदी लहानपणी, बहुतेकदा दोन वर्षांच्या आत झालेल्या गोवराचा विषाणू मेंदूत दबा धरून राहतो आणि काही वर्षांनी डोकं वर काढतो. आजार दुर्मीळ आहे, पण बरा करणारं औषध नाही. बाळ असताना गोवर झाला होता का, असं डॉक्टर विचारतात. आई आठवून सांगते, हो, अंगावर पुरळ आलं होतं, चार दिवसांत गेलं. टाळणारी लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पहिली नवव्या महिन्यात आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली तेव्हा बातम्यांत त्या वेळच्या मृत्यूंचे आकडे येत होते. मला पुढची आठ-दहा वर्षं दिसत होती.

आयसीयूतून बोलावणं येतं तेव्हा सगळं सामान ट्रॉलीवर घालून न्यावं लागतं. बेशुद्ध माणूस, अंग निश्चल, घरच्यांना वाटतं झोपलाय. वायरी लावल्या की कधीकधी दिसतं, आत अखंड फिट चालू आहे, नुसती बाहेर दिसत नाहीये. हे ईईजीशिवाय नक्की कळायला दुसरा मार्ग नाही, आणि कळल्यावर औषध तासाभरात बदलतं. अशा वेळी माझ्या कामाची खरी किंमत होते असं मला वाटतं.

क्वचित सपाट आलेखासाठीही बोलावतात. मेंदू मृत आहे हे ठरवायला आपल्या 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे ईईजी सक्तीचा नाही. डॉक्टरांची समिती सहा तासांच्या अंतराने दोनदा स्वतः तपासून ते ठरवते. तरी काढायचाच झाला तर नेहमी सात मायक्रोव्होल्टला एक मिलिमीटर असतं तिथे दोनला एक मिलिमीटर इतकं मोठं करायचं आणि किमान अर्धा तास बघायचं. आधी प्रत्येक इलेक्ट्रोडला बोट लावायचं. बोटाचा धक्का पडद्यावर उमटला पाहिजे, नाहीतर सपाट रेषा रुग्णाची की तुटलेल्या वायरीची हे कळणार नाही. इतक्या मोठ्या प्रमाणावर व्हेंटिलेटर, सलाईनचा पंप, शेजारून गेलेली सिस्टर, सगळं उमटतं. ते एकेक ओळखून बाजूला काढत अर्धा तास जातो.

“याच्या मनात काय चाललंय ते कळेल का?” हा प्रश्न दबक्या आवाजात येतो, बहुधा नवऱ्याबद्दल किंवा वयात आलेल्या मुलाबद्दल. कळत नाही. गंमत अशी की आपल्याकडच्या कोर्टालाही एकदा कळतंय असं वाटलं होतं. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात शिक्षा सुनावताना आरोपीच्या मेंदूच्या लहरींची चाचणी विचारात घेतली. डोक्याला वायरी लावून गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची, आणि आरोपीला ते प्रत्यक्ष अनुभवातून ‘आठवतंय’ की नाही हे लहरींवरून सांगायचं, अशी ती पद्धत. परदेशातल्या वर्तमानपत्रांतही ते गाजलं. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदू-लहरींची चाचणी कोणावरही त्याच्या मर्जीविरुद्ध करता येणार नाही असा निकाल दिला. पापणी लवली तर डोंगर उभा राहतो अशा यंत्रावरून एखाद्याला जन्मठेप व्हावी, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज मात्र ‘नॉर्मल’ या शेऱ्याचा आहे. फिटचा आजार नक्की असलेल्या माणसांपैकीही ढोबळमानाने निम्म्यांच्याच पहिल्या ईईजीत काही सापडतं. वीस-तीस मिनिटांत मेंदू शहाण्यासारखा वागला तर मी काय करणार? म्हणून आदल्या रात्री जागून यायला सांगतात, कारण अपुऱ्या झोपेनंतर आणि डुलकी लागताना दोष उघडा पडण्याची शक्यता वाढते. उपाशी येऊ नका, चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. गरज पडली तर दिवस-दिवस व्हिडिओसकट नोंद करतात. उलट, कधी फिट न आलेल्या थोड्या लोकांच्याही आलेखात संशयास्पद टोकं दिसतात. निदान ठरतं ते मुख्यतः फिट कशी आली यावरून, आणि ती पेशंटला स्वतःला आठवत नाही. ज्याने बघितली त्याला बरोबर आणा. त्याहून चांगलं, मोबाईलवर व्हिडिओ काढा: मान कुठल्या बाजूला वळली, आधी कुठला हात हलला, किती वेळ चाललं. आधी माणसाला कुशीवर वळवा, मग मोबाईल. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. असा दीड मिनिटाचा हललेला व्हिडिओ बघून डॉक्टरांनी माझा सगळा आलेख बाजूला सारल्याचं मी पाहिलंय, आणि ते योग्यच होतं.

मार्चच्या सुमारास, लग्नसराईच्या आधी, एक वेगळी रांग लागते. मुलगी चोवीस-पंचवीसची, लहानपणापासून गोळ्या चालू, चार-पाच वर्षांत फिट नाही. आई बाजूला घेऊन म्हणते, “मॅडम, नॉर्मल रिपोर्ट मिळेल ना? गोळ्यापण बंद करू म्हणतोय आता, तिकडे गेल्यावर कोणी बघायला नको.” हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्न रद्द करण्याचं कारण होतं, ते 1999 च्या दुरुस्तीने काढून टाकलं. हे मी सांगते तेव्हा बहुतेक आया पहिल्यांदाच ऐकत असतात. मग दुसरं सांगते: रिपोर्ट नॉर्मल आला तरी तो गोळ्यांमुळे असू शकतो, त्या अचानक सोडल्या तर फिट थेट मांडवात येईल. कमी करायच्या का, कशा करायच्या, आणि पुढे मूल हवं असेल तर कुठली गोळी बदलायची, हे लग्नाआधीच डॉक्टरांना विचारा. मुलालाही घेऊन या. मुलाला घेऊन या म्हटल्यावर आई गप्प होते, मुलगी मात्र मान वर करून विचारते, “कधी आणू?”